विमानाच्या कुशीवरची अक्षरे

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत येऊन जुन्या विमानांवरच्या अक्षरांविषयी बोलावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत, बंद गिरण्यांच्या जमिनी, असे काही ऐकण्याच्या तयारीने आपण आला असाल. त्या विषयांवर मी बारा महिने बोलतो. आज एक दिवस रजा घेतली आहे असे समजा. तथापि या विषयाचा आणि माझ्या नेहमीच्या उद्योगाचा संबंध अगदीच नाही असे नाही. बोलण्याच्या ओघात तो आपल्या ध्यानात येईल.

प्रथम हा प्रकार काय आहे ते सांगितले पाहिजे. संगणकाच्या पडद्यावर विमान उडविता येईल असे कार्यक्रम असतात. त्यांना फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. ब्रूस आर्टविक या अमेरिकन गृहस्थाचा असा कार्यक्रम १९७९ साली ॲपल-२ या लहानशा यंत्रासाठी विक्रीस आला, तेव्हा पडद्यावर थोड्या रेघा आणि एक क्षितिज एवढाच संसार होता. १९८२ पासून मायक्रोसॉफ्टने तो आपल्या नावाने काढला, आणि २०२० च्या आवृत्तीत तर उपग्रहांनी व विमानांनी टिपलेल्या चित्रांवरून सबंध पृथ्वीचा पृष्ठभाग उभा केला. आता पडद्यावर मुंबईहून निघावे, खाली माहीमची खाडी ओळखावी, ढगात शिरावे, आणि काटे पाहत पाहत उतरावे. याला खेळ म्हणायला हरकत नाही. पण बुद्धिबळाला जसा आपण खेळ म्हणतो तसा.

या हौशी मंडळींत एक पोटजात आहे. तिला आजची विमाने नको असतात. तिला १९४८ चे कॉन्स्टेलेशन हवे असते, १९६० चे बोइंग ७०७ हवे असते, आणि तेही कोरे नव्हे. त्या वर्षी, त्या कंपनीने, त्या विमानावर जी अक्षरे व जे चिन्ह रंगविले होते, तेच जसेच्या तसे हवे असते. विमानाचा आकार एक जण घडवितो, त्यावर रंग दुसरे चढवितात. हे रंग चढविणारे बहुतेक बिनपगारी असतात. रात्री जेवणानंतर बसायचे, महिना महिना एका अक्षराच्या पोटातील वळणासाठी झगडायचे, आणि तयार झाले की जगाला फुकट देऊन टाकायचे. बिनपगारी काम म्हटले की माझ्यासारख्याच्या कपाळाला आठी पडते. परंतु येथे कोणी मालक नाही, कोणी हजेरी घेत नाही, म्हणून मी ती आठी सैल केली आणि हे लोक करतात तरी काय, ते समजून घेऊ लागलो.

विमानाचा नमुना म्हणजे एक पोकळ आकार. त्याला कातडी चढवायची तर ती आधी सपाट मांडावी लागते. शिंपी सदरा बेततो तेव्हा पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर असे सपाट तुकडे कापडावर मांडतो. ते जोडले की गोल अंगावर बसतात. नेमके तेच येथे होते. धडाची डावी कूस, उजवी कूस, पंख, शेपूट असे तुकडे एका चौकोनी चित्रात मांडलेले असतात, आणि त्या चित्राला टेक्स्चर म्हणतात. सपाट कागदावर काढलेले गोल अक्षर विमानाच्या वाटोळ्या पाठीवर चढले की लांबट किंवा चपटे होते. म्हणून कागदावर ते मुद्दाम थोडे चुकीचे काढावे लागते. लॉकहीड कॉन्स्टेलेशनचे धड तर सरळ नळीसारखे नाहीच, माशाच्या पाठीसारखे वर जाऊन खाली येणारे आहे. त्यावरची सरळ ओळ कागदावर कमान होते.

आता थोडे गणित, कारण सगळी अडचण या गणितात आहे. बोइंग ७४७ हे विमान सुमारे ७० मीटर लांब. जुन्या काळी हे टेक्स्चर १०२४ ठिपके लांब नि तितकेच रुंद असे. सबंध कूस एका चित्रात बसवली तर एका ठिपक्याच्या वाट्याला जवळजवळ सात सेंटिमीटर विमान येते. प्रत्येक विमानावर नोंदणीची अक्षरे असतात. आपल्याकडील सर्व विमानांची सुरुवात ‘व्हीटी’ या रोमन अक्षरांनी होते. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या सातव्या परिशिष्टाप्रमाणे धडावरील ही अक्षरे निदान ३० सेंटिमीटर उंच हवीत, आणि अक्षराच्या दांड्याची जाडी उंचीच्या एकषष्ठांश हवी, म्हणजे पाच सेंटिमीटर. एक ठिपका सात सेंटिमीटरचा आणि दांडा पाचचा! ते अक्षर उमटणार कसे? कारागीर मग कूस दोन-तीन तुकड्यांत वाटून घेत. आता ४०९६ ठिपक्यांचे चित्र चालते. त्यात ठिपक्याला पावणेदोन सेंटिमीटर पडतात, दांड्याला तीन ठिपके मिळतात, आणि अक्षर वाचता येते.

हेच परिशिष्ट या मंडळींच्या दुसऱ्याही उपयोगी पडते. त्यात म्हटले आहे की अक्षराची रुंदी उंचीच्या दोनतृतीयांश असावी. हे प्रमाण ठाऊक असले म्हणजे जुन्या छायाचित्रात विमान किती तिरके उभे आहे, ते नोंदणीच्या अक्षरांवरून ताडता येते. दुसरी मोजपट्टी खिडक्यांची. बोइंग ७०७ आणि ७४७ यांच्या सांगाड्याच्या फासळ्या २० इंचांवर असतात, म्हणून खिडक्याही २० इंचांवर. छायाचित्रात कंपनीचे नाव कितव्या खिडकीच्या डोक्यावर सुरू होते आणि कितव्या खिडकीवर संपते हे मोजले, की नावाची खरी लांबी हाती आली. गवंडी विटा मोजून भिंत सांगतो, तसाच हा प्रकार. या बिनशिकल्या युक्त्यांचे मला फार कौतुक वाटते. कॉलेजात न गेलेल्या माणसाला असली मापे लवकर पटतात.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? संगणकात शेकडो फॉण्ट तयार आहेत. एक निवडावा, नाव टाइप करावे, विमानावर डकवावे. काही कंपन्यांच्या बाबतीत हे खरे आहे. अमेरिकन एअरलाइन्सचे चिन्ह मासिमो व्हिन्येली यांनी १९६७ साली हेल्व्हेटिका या छापखान्यातील अक्षरांत बसवले, आणि ते २०१३ पर्यंत चालले. तेथे रंगविणाऱ्याला फारशी यातायात नाही. पण त्याआधीची, आणि आपल्याकडील तर बरीच नंतरचीही, विमानांवरील नावे कोणत्याही खिळ्याची नव्हती. ती कोणा चित्रकाराने कागदावर काढली आणि कोणा रंगाऱ्याने पत्र्यावर उतरविली. छापखान्यातील ‘आर’ सगळीकडे सारखा. हाताने काढलेला ‘आर’ शेजारी ‘इंडिया’चा ‘आय’ आहे की ‘एअर’चा ‘ए’ आहे हे पाहून आपला पाय लांब-आखूड करतो. त्याला फॉण्ट कोठून मिळणार?

फलक रंगविणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत, निदान फ्लेक्सचे राज्य येण्यापूर्वी पाहिले होते. आमच्या युनियनचे फलक रंगविणारे एक मास्तर होते. प्रथम खडूत बुडविलेला दोरा ताणून दोन रेघा मारायचे, मग मनातल्या मनात अक्षरे मोजायचे, आणि मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे सरकत जायचे. ‘कामगार’मधील ‘ग’ आणि ‘र’ यांच्यामध्ये जागा मोकळी दिसते म्हणून ‘र’ किंचित आत घ्यायचे. हे कोणत्या पुस्तकात वाचले, असे मी एकदा विचारले, ते म्हणाले, “भाऊ, पुस्तकात वाचून का कोणी पोहायला शिकतो?” मोठे काम असले किंवा तेच नाव अनेक ठिकाणी काढायचे असले, की खाका करीत. कागदावर अक्षर काढायचे, कडेने सुईने भोके पाडायची, कागद भिंतीला लावून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर थोपटायची. कागद काढला की ठिपक्यांचे अक्षर तयार. विमाने रंगविण्याच्या शाळांतही असेच खाके चालत आणि कडेने चिकटपट्टी लावून रंग फवारीत. विमान वाटोळे, वर चढण्यासाठी पाळणा बांधलेला, आणि अक्षर माणसापेक्षा उंच. जवळून ते दिसतच नाही. हाताच्या भरवशावर काढावे लागते.

या खाक्यांचे पुढे काय होते? मी ज्या एका कारखान्यात कामगारांच्या बाजूने उभा होतो (नाव घेण्याचे कारण नाही), त्याचा रंगविभाग बंद झाला तेव्हा यंत्रांची यादी झाली, खुर्च्यांची झाली, पंख्यांचीही झाली. पत्र्याचे साचे भंगारात गेले आणि खाके रद्दीत किलोवर. ग्रॅच्युइटीसाठी भांडण झाले, भविष्यनिर्वाह निधीसाठी झाले. खाक्यासाठी भांडता येईल असे कलम कोणत्याच कायद्यात नाही. कारागिराची वीस वर्षांची हातोटी त्या गठ्ठ्यात बांधून गेली. म्हणून जेव्हा मला समजले की कोठे तरी एखादा मुलगा रात्री जागून अशाच एका गेलेल्या हाताची वळणे परत काढीत आहे, तेव्हा मी विचारले, कशी काढतोस ते दाखव.

ती कला अशी. छायाचित्र पडद्यावर घ्यायचे, त्याचा तिरकेपणा काढून टाकायचा, आणि अक्षराच्या कडेवरून वक्ररेषा फिरवायची. ही वक्ररेषा बेझिए नावाने ओळखली जाते. दोन टोके खिळ्यांनी ठोकलेली, आणि बाहेर दोन बिंदू तिला आपापल्या बाजूस ओढतात. बिंदू हलविला की रेषा लवते. नवशिका एका अक्षराला चाळीस खिळे ठोकतो आणि कड थरथरणारी येते. जाणता बारा-चौदा खिळ्यांत भागवतो, आणि त्याचे वळण कुंचल्याच्या एका ओढीसारखे सरळ येते. संगणकाला सांगितले तर तो आपोआपही कड काढून देतो, परंतु त्याला डाग, सावली आणि अक्षर यांतील भेद कळत नाही. पत्र्यावरच्या खिळ्याची सावलीही तो इमानाने अक्षरात घेतो.

या रेषेचा जन्म छापखान्यात झालेला नाही, मोटारीच्या कारखान्यात झाला आहे, हे मला विशेष वाटले. पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ साली सित्रोएनमध्ये ती शोधली; मोटारींची वळणदार अंगे कागदावर मांडण्यासाठी. कंपनीने ती गुपित म्हणून कुलपात ठेवली. इकडे रेनोमध्ये पियेर बेझिए यांनी तीच वाट स्वतंत्रपणे काढली आणि ती छापून प्रसिद्ध केली. नाव त्यांचे झाले. मालकाने कामगाराचे डोके कुलपात ठेवले की नाव कोणाचे होते, याचा हा नमुना पहा. असो.

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे येतो. एअर-इंडियाच्या विमानांचे काम हाती घ्यायचे तर पहिला प्रश्न साल. १९४८ च्या ८ जूनला लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. तेव्हा कंपनीचे नाव एअर-इंडिया इंटरनॅशनल. १९५३ साली राष्ट्रीयीकरण झाले तरी हे नाव टिकले; १९६२ साली त्यातील ‘इंटरनॅशनल’ गळाले. ‘मलबार प्रिन्सेस’ १९५० च्या ३ नोव्हेंबरला आल्प्स पर्वतात माँ ब्लाँवर आदळून नष्ट झाले. त्यात ४८ माणसे गेली. म्हणजे या विमानाच्या अंगावर नुसते ‘एअर-इंडिया’ लिहिले, तर ते विमान नाहीसे झाल्यावर बारा वर्षांनी आलेले नाव त्याला दिले असे होईल. पडद्यावर असली गफलत पुष्कळ दिसते. मधली आडवी रेघ गाळणे हाही एक नित्याचा अपराध.

त्याच १९४८ सालापासून धनुर्धर हे चिन्ह आले. धनु राशीचा, अर्धा घोडा अर्धा माणूस, बाण सोडणारा. विमानाचे नाव तारकासमूह आणि अंगावर राशीचे चिन्ह, असा तो जुळून आलेला योग. ते २००७ पर्यंत टिकले. आकाराने हे चिन्ह लहान, पण रंगविणाऱ्याला नावापेक्षा हेच जास्त छळते. कारण त्यात पाय, शेपूट, धनुष्य, दोरी अशा बारीक गोष्टी आणि ठिपके मोजके. दोरी ठेवावी तर घोड्याचे पाय सुजतात, पाय नीट करावेत तर दोरी तुटते. चांगला कारागीर येथे काय गाळावे ते ठरवितो. पगडीवाला महाराजा याहून वेगळा. बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीतील चित्रकार उमेश राव यांनी तो १९४६ साली घडविला. पुष्कळ लोक त्यालाच कंपनीचे चिन्ह समजतात. तो जाहिरातीतला यजमान होता.

मग १९७१ साली पहिले ७४७ आले, ‘एम्परर अशोक’. पुढे ‘एम्परर शाहजहान’, ‘एम्परर राजेंद्र चोला’, ‘एम्परर विक्रमादित्य’ अशी सम्राटांची रांग लागली. आकाशातला आपला महाल, ही कल्पना. म्हणून प्रत्येक खिडकीभोवती तांबड्या रंगात राजवाड्याच्या झरोक्याची कमान. मुंबईच्या कितीतरी घरांतील माणसांनी सांताक्रूझला आप्तांना हार घालून निरोप देताना ते झरोके पाहिले असतील. सिम्युलेटरच्या कारागिराला मात्र ते झरोके म्हणजे महिनाभराची शिक्षा. चित्राचा बोजा कमी व्हावा म्हणून संगणक ते चार गुणिले चार ठिपक्यांच्या चौकटीत दाबून ठेवतो, आणि प्रत्येक चौकटीत मूळ रंग दोनच राहतात. बाकीचे त्यांच्या मधले. पांढऱ्यावर तांबडे अक्षर असेल तर निभावते. झरोक्यापाशी पांढरे धड, तांबडी कमान आणि काळपट काच असे तीन रंग एका चौकटीत गाठ घेतात, आणि तांबड्याचे गढूळ तपकिरी होते. उपाय एकच: कमानीची कड चौकटीच्या कडेवर येईल अशी एक-दोन ठिपक्यांनी सरकवायची. एका बाजूच्या सगळ्या खिडक्यांशी हा सौदा करावा लागतो.

‘एम्परर अशोक’ १९७८ च्या १ जानेवारीच्या रात्री मुंबईहून निघाल्यावर काही क्षणांत वांद्र्याच्या समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. हे मी येथे मुद्दाम सांगतो. या विमानाच्या नाकावर ते नाव रंगविणाऱ्या मुलाला मी विचारले, तुला हे ठाऊक आहे काय? त्याला ठाऊक होते. त्याने ते विमान १९७१ सालच्या रूपात केले होते आणि सोबतच्या टिपणात अपघाताची तारीख लिहिली होती. तेवढे पुरे आहे, असे मला वाटते.

आता देवनागरीचा प्रश्न. आणि आपल्या लोकांनी लक्ष घालावे ते येथेच. पुढील काळात या विमानांवर एका कुशीला धडावर देवनागरी नाव नि शेपटावर रोमन, तर दुसऱ्या कुशीला त्याच्या उलट, अशी रीत होती. जुन्या, हलक्या नमुन्यांत एकाच कुशीचे चित्र दोन्ही बाजूंना वापरीत, दुसऱ्या बाजूस उलटे करून. अमेरिकन कंपनीचे नाव त्यामुळे आरशातल्यासारखे दिसे आणि त्यांचे कारागीर ताबडतोब बोंब मारीत. ‘एअर इंडिया’ मात्र उलटे झाले तरी परदेशातल्या कारागिराला कळत नसे. त्याच्या लेखी ती एक नक्षी. त्यातून एक दुसरे संकट. देवनागरीची जोडणी न जाणणारे कार्यक्रम ऱ्हस्व वेलांटी उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर टाकतात. मग ‘डि’ची वेलांटी ‘ड’ सोडून ‘य’च्या गळ्यात पडते. पडद्यावर असे विमान तोऱ्यात धावपट्टीवर उभे असते, आणि नाव वाचले तर जीभ अडखळते.

रोमन अक्षर जमिनीवर उभे असते, देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. खिडक्यांच्या रांगेवर रोमन नाव बसवताना पायाची रेघ धरतात; देवनागरीला डोक्याची रेघ धरावी लागते, आणि ‘इं’चा अनुस्वार व ‘डि’च्या वेलांटीची कमान यांसाठी वर आणखी जागा सोडावी लागते. दोन्ही नावे सारख्याच उंचीच्या पट्ट्यात कोंबली की देवनागरी दुबळी दिसते. म्हणून दोन्ही कुशींचे माप वेगवेगळे घेतले पाहिजे. ‘अ’चीही दोन घराणी आहेत: एक मुंबईचे, दुसरे उत्तरेकडचे. पुढे हिंदीच्या प्रमाण वर्णमालेनेही मुंबईचा ‘अ’ घेतला. संगणकातला कुठलाही फॉण्ट उचलला तर त्याचा ‘अ’ कोणत्या घराण्याचा, दांडा किती जाड, टोक तिरके कापलेले की सरळ, हे त्या फॉण्टकर्त्याचे. विमानाच्या रंगाऱ्याचे नव्हे. आणि ही मंडळी फॉण्टमध्ये ‘एयर’ लिहून मोकळी होतात. कंपनीची वर्तनी ‘एअर’ आहे, आपल्या मराठीप्रमाणेच.

रंगाविषयी थोडक्यात. तांबडा रंग उन्हात विटतो आणि त्यावर खडूसारखी पांढरी भुकटी धरते. छायाचित्राची फिल्मही आपला रंग बदलते. वेळापत्रकावर छापलेला तांबडा हा शाईचा, पत्र्यावरचा रोगणाचा. दोहोंत कोणता खरा, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. अनुभवी कारागीर चित्रातील ज्ञात पांढऱ्यावरून बाकीचे रंग सावरून घेतो, आणि विमान नवे की चार वर्षे उन्हातले, हे आधी ठरवितो. यावर हे लोक आपापसांत जे भांडतात, ते पाहून मला आमच्या कार्यकारिणीची आठवण होते.

एअर-इंडियाची छायाचित्रे निदान मिळतात. १९५३ साली जे राष्ट्रीयीकरण झाले, त्यात देशांतर्गत वाहतुकीच्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स बनविली. डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग एअरलाइन्स, इंडियन नॅशनल एअरवेज, एअरवेज इंडिया, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, आणि एअर-इंडियाची देशांतर्गत शाखा. राष्ट्रीयीकरणाच्या बाजूने मी नेहमीच बोलत आलो आणि आजही बोलेन. परंतु आठ कंपन्यांच्या डकोटा विमानांवरून आठ तऱ्हांची अक्षरे पुसली गेली हेही खरे. पुसताना कोणी ती उतरवून ठेवावीत, असे फर्मान निघाले नाही. त्यांची चित्रे फार थोडी, बहुतेक काळीपांढरी. काळ्यापांढऱ्या चित्रात तांबडा नि गडद निळा जवळजवळ एकच दिसतात. तेव्हा रंग ठरविताना तिकिटाच्या पाकिटांचा, सामानावर लावावयाच्या चिठ्ठ्यांचा आधार शोधावा लागतो.

मालकीचा प्रश्न कायद्याच्या अंगाने नाजूक आहे. कंपनीचे चिन्ह ही तिची मालमत्ता; विकत घेतलेला फॉण्ट हा करणाऱ्याचा. फुकट देणाऱ्याला सहसा कोणी त्रास देत नाही. तोच माल विकायला बसला तर नोटीस येऊ शकते. माझा आक्षेप निराळा आहे. मूळ अक्षर ज्याने काढले त्याचे नाव बहुधा कोठेच नसते. विमानाच्या कुशीवर रंगाऱ्याची सही नसते. कंपनी हयात असते तोवर ते अक्षर कंपनीचे, कंपनी गेली की ते कोणाचेच नाही. फ्लाइटगिअर नावाचा एक सिम्युलेटर १९९७ सालापासून सर्वांना मोफत व खुला आहे; तेथे जो काही भर घालतो त्याचे नाव नोंदले जाते. हा रिवाज मला आवडला. आमच्या कारखान्यांतही तो कधी तरी यावा.

चुकीचे अक्षर पडद्यावर राहिले तर काय बिघडते, असेही विचारतात. बिघडते ते असे. सिम्युलेटरमधील दृश्याचे चित्र काढता येते, आणि ते आता इतके हुबेहूब असते की थोडे पिवळे केले की जुना फोटो म्हणून खपते. एकाने काढावे, दुसऱ्याने लेखात वापरावे, तिसऱ्याने ते पाहून नवे विमान रंगवावे. तीन हातांनंतर चुकलेली वेलांटी हाच पुरावा होतो. एअर इंडियाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे चिन्ह आणि खास आपल्यासाठी घडविलेला फॉण्ट घेतला. त्या अक्षरांच्या फायली कंपनीपाशी आहेत आणि त्यांना धोका नाही. कंपनीचे शेवटचे ७४७ २०२४ च्या २२ एप्रिलला मुंबई सोडून अमेरिकेत गेले. म्हणजे आता सम्राटांची रांग पाहायची ती चित्रांत, नाही तर पडद्यावर.

तेव्हा आपणांस एक काम सांगतो. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी जुन्या पेटीत सांताक्रूझ विमानतळावरचे फोटो असतील. कोणी शिकायला निघालेला, कोणी आखातात नोकरीला. विमाने टिपणारे हौशी लोक सूर्य पाठीशी घेऊन उभे राहत, म्हणून पुष्कळदा एकाच कुशीचे फोटो मिळतात. दुसऱ्या कुशीची वानवा आहे, आणि दुसऱ्या कुशीवर लिपी निराळी. आपला फोटो नेमका त्या बाजूचा असू शकेल. मागे तारीख लिहिलेली असेल तर पाठीचीही प्रत काढा. आप्तांच्या घोळक्याने अक्षरे झाकली असली तरी हरकत नाही. मामांच्या फेट्यावरून ‘इं’चा अनुस्वार आणि शेजारच्या दोन खिडक्या दिसत असल्या, तरी त्या वीस इंचांवरून नावाची उंची काढता येते.